आईच्या खोलीतली अडतीस पिल्लं

११ जानेवारी

दिवा भुशात पडायच्या आत मी तो हातानेच धरला, म्हणून उजव्या हाताची दोन बोटं भाजली आहेत आणि अक्षर असं आलं आहे. हूक सैल झाला होता. आता तार दुहेरी करून बांधली आहे. भुसा पेटला असता तर पिल्लं, आईची खाट आणि घर एकदमच गेलं असतं. तुझ्या सूचनांच्या कागदावर याबद्दल काही लिहिलेलं नाही.

तुझा तो कागद तिसऱ्या आठवड्यापाशी संपतो. ‘दिवा आणखी वीतभर वर. पाणी दिवसातून तीनदा.’ पुढे कोरं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन होईल आणि तीन आठवड्यांत तिला घेऊन तू परत येशील, असं तुला वाटलं होतं. मलाही. आज पिल्लांना चोवीस दिवस झाले. चाळिसातली दोन पहिल्याच आठवड्यात गेली, ते कळवलंच होतं. उरलेली अडतीस ठीक आहेत.

तुझ्या वरच्या खोलीतून आणलेल्या पेटीत मावेनात, म्हणून मी पुठ्ठे उभे करून त्यांना आईची अर्धी खोली दिली. तू तिला ब्रूडर म्हणतेस, मला ती खोक्यावर टांगलेला दिवाच वाटते. आईची खाट भिंतीला सरकवली. भांडं, काठी, रबरी चादर माळ्यावर टाकली. खोलीला आता आईचा वास येत नाही, पिल्लांचा येतो.

तर धाकटे, तुझी पिल्लं कधी बाहेर काढायची ते कळव. जुन्या कोंबड्या तू विकल्यास तेव्हापासून परसातलं खुराडं रिकामंच आहे. मला यातलं काही कळत नाही. मला शर्ट कळतात.

कारखान्यात मोठी ऑर्डर आली आहे. भाजलेल्या बोटांनी केलेली काजं बघून साहेब म्हणाले, “बाई, हे काज आहे की भोक?” मी म्हटलं, “बटण जातंय ना त्यातून?” मग गेले.

रात्री घर शांत असतं. दिवा लावलेला असला की पिल्लंही गप्प असतात.

आईचं कळव.

ताई


१५ जानेवारी

ताई,

बोटांना काहीतरी लाव. दिसेल ते नको, औषधाच्या दुकानातून आण. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, भाजल्याचं तेवढं गाळलं. तिला प्रत्येक पत्र वाचूनच दाखवावं लागतं. मी मनातल्या मनात वाचायला लागले की म्हणते, “ओठ हलव. माझा पाय मोडलाय, कान नाही.”

पाय बरा होतोय. डॉक्टर खूश आहेत, बाकी कोणी नाही. व्यायाम करून घेणारी मुलगी काल रडत बाहेर गेली. आई तिला म्हणाली होती, “हा पाय आहे बाई, हापसा नाही.” शेजारच्या खाटेवरच्या आजी आता आईच्या बाजूने तोंड फिरवून झोपतात. मी दोन खुर्च्या जोडून त्यावर पडते. मधल्या फटीत बरोबर माझी कंबर येते. माणसाच्या उंचीप्रमाणे खुर्च्या मिळत्या तर बरं झालं असतं.

आता पिल्लांचं. कान दे, डोळे नको. ओरडत असली तर त्यांना थंडी वाजते आहे. पंख पसरून गप्प पडली असली तर उकडतं आहे. आपापसात पुटपुटत हिंडत असली तर सगळं ठीक. पुढच्या आठवड्यापासून दिवसा दिवा बंद ठेव, मग हळूहळू रात्रीही. अंगावरची लव जाऊन पिसं येतात, ती सर्वांत शेवटी डोक्यावर येतात. डोकं भरलं की पिल्लू बाहेर काढायचं. सहा आठवडे धर, थंडी आहे म्हणून.

हलवायची ती दिवे लागायच्या सुमाराला. दिवसा हलवलीस तर पळापळ करतील. अंधार पडताना कोंबडी शहाणी होते, जिथे ठेवाल तिथे बसते. आणि पहिल्या रात्री लक्ष ठेव. नवी जागा म्हणून ती एका कोपऱ्यात जमतात, एकावर एक चढतात, आणि खालची गुदमरून मरतात. कोपऱ्यांना पुठ्ठे वाकवून लाव, म्हणजे कोपराच राहणार नाही.

डॉक्टर एक तारखेला सोडतो म्हणाले. म्हणजे तीस-एकतीसपर्यंत खोली रिकामी हवी. भुसा काढ, जमीन दोनदा धू, चुना मार. आईच्या नाकाला तू ओळखतेसच.

ती रोज सकाळी डोळे उघडले की विचारते, “आज ना?” मी म्हणते, “आज नाही.” मग ती चहा मागते.

धाकटी


२४ जानेवारी

धाकटे,

पत्र मिळालं. सांगितलंस तसं करते आहे.

एक तारीख जमेल असं वाटत नाही. पिल्लांच्या डोक्यावर अजून लव आहे. परसात सकाळी पाण्याच्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा असतो. खुराड्याची जाळी खालून फाटली आहे, हात जाईल एवढी. एक मांजर रोज तिथे येऊन बसतं, काही करत नाही, नुसतं आत बघत बसतं. रविवारी दुरुस्त करणार होते, पण साहेबांनी रविवारीही बोलावलं.

दहा तारखेपर्यंत तिथे ठेवतील का ते विचार. तिथे डॉक्टर जवळ आहेत, इथे काय आहे? व्यायामही होईल.

बोटं बरी आहेत. एकाचं नख काळं पडलं आहे.

पिल्लांतलं एक इतरांना पाण्यापासून हुसकावतं. मी त्याला मुकादम म्हणते. कालपासून तो हाक मारली की बघतो, पण येत नाही. अगदी साहेबांसारखा.

ताई


२९ जानेवारी

ताई,

मोठ्या सिस्टरच्या मागे तीन दिवस हिंडले. शेवटी म्हणाल्या, “बाई, ही खाट आहे, धर्मशाळा नाही,” आणि दहा तारीख लिहून दिली. त्यापुढे एक दिवस नाही म्हणाल्या.

आईला सांगितलं. तिने आढ्याकडे बघत ऐकलं. मग म्हणाली, “तुझी बहीण पिल्लं पाळते आहे की कारणं?” मी म्हटलं, “आई, थंडी खरंच आहे.” म्हणाली, “थंडी मला ठाऊक आहे. मी तिच्या आधी जन्मले.” तू मनावर घेऊ नकोस. इथे पडून पडून तिचं तोंडच तेवढं चालतं, त्यामुळे सगळा जोर तिथे जमा झाला आहे.

जाळीचं काम माझ्या खोलीखाली राहणाऱ्या गवंड्याला सांग. म्हण, धाकटीने सांगितलंय. येईल तो. मांजराची काळजी करू नकोस, सहा आठवड्यांच्या पिल्लाला मांजर सहसा हात लावत नाही. पिल्लं एकदम अंगावर येतात ना, त्याचं त्याला भय असतं. पुठ्ठे परसातल्या फडताळामागे आहेत.

माझी अंड्यांची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली असतील. जाऊ देत. काल आरशात बघितलं. डोळ्यांखाली इतकं काळं की सिस्टरला वाटलं मीच भरती व्हायला आले आहे.

मी येते ताई. आणखी बारा दिवस. मग झोपते. तूही झोप.

धाकटी


५ फेब्रुवारी

धाकटे,

गवंड्याला निरोप दिला आहे. तो अजून आला नाही.

रविवारी सुट्टी मिळाली म्हणून मी जाळीला आतून गोणपाट लावून पिल्लं दुपारीच हलवून बघितली. तू दिवसा नको म्हणाली होतीस, पण संध्याकाळी मला उशीर होतो. तू म्हणालीस तसंच झालं. सगळ्या परसात पळापळ. दोन शेजारच्या भिंतीवर चढली, मुकादम न्हाणीत शिरला. वारा सुटला होता. शेवटी चार वाजता एकेक धरून परत खोलीत आणली. माझा सगळा रविवार त्यात गेला. तेव्हा दहा तारखेचं कठीण दिसतं. आणखी पंधरा दिवस मिळतील का बघ.

खोली आता त्यांचीच झाली आहे. पुठ्ठे काढून टाकले, कारण ती वरून उड्या मारतात. संध्याकाळी मी आईच्या खाटेवर बसून शिवण करते तेव्हा ती एकेक करून खाटेच्या पायथ्याच्या दांडीवर चढतात आणि ओळीने बसतात. सगळी मावत नाहीत, तरी ढकलाढकली करून बसतात, नळाला रांग लावल्यासारखी. मग मी हलले तरी उडत नाहीत. डोकं पंखात घालतात. अडतीस जीव आणि एकही मला काही मागत नाही. दिवा मागच्या मंगळवारीच गेला, नवा आणायला वेळ झालेला नाही.

अजून लहानच आहेत गं. बाहेर काढायला जीव होत नाही.

आईला म्हणावं, घाई करू नकोस.

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं.

तुझं पत्र सात तारखेला आलं. नेहमीसारखं आईला वाचून दाखवलं. मुकादम न्हाणीत शिरला तिथे ती हसलीसुद्धा. पुढे खाटेच्या दांडीचं आलं तेव्हा म्हणाली, “थांब. परत वाच.” मी परत वाचलं. “दिवा कधी गेला म्हणाली?” मी म्हटलं, “मागच्या मंगळवारी.” तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मला तेव्हा काही कळलं नाही. माझी पिल्लं आहेत, बारा वर्षं मी हेच करते, आणि मला कळलं नाही. तू लहान लिहिलंस म्हणून मी लहान वाचलं. आपण दोघी जन्मायच्या आधी आई कोंबड्या पाळायची, हेही मी विसरले होते. ती विसरली नव्हती. रात्री खुर्च्यांवर पडल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दांडीवर झोपणारं पिल्लू म्हणजे तयार पिल्लू. बर्फाच्या दिवसांत आठवडाभर बिनदिव्याचं राहिलेलं पिल्लू तर त्याहून तयार. ताई, आठवा आठवडा आहे त्यांचा. पिल्लं कसली, अर्ध्या वाढलेल्या तलंगा झाल्या त्या. दहा-बारा दिवसांपूर्वीच बाहेर जायला हव्या होत्या.

आणि तुला ते ठाऊक होतं. दिवा नसला तरी चालतो, हे तुला ठाऊक होतं म्हणूनच तू नवा आणला नाहीस.

तेव्हापासून तिने “आज ना?” विचारलेलं नाही. तीन सकाळी झाल्या. डोळे उघडते, चहा घेते, व्यायामवाली सांगेल तसा पाय उचलते. ती पोरगी मला म्हणाली, “आजी किती छान वागतात आता.” मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली.

आज तिने मोठ्या सिस्टरना स्वतः बोलावून घेतलं. इथे अंगणापलीकडे एक लांब इमारत आहे, तिला मागचा वॉर्ड म्हणतात. ज्यांना घरी न्यायला कोणी नाही ती माणसं तिथे असतात. आई म्हणाली, “मला तिकडे द्या.” सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. आई म्हणाली, “तिच्याकडे काय बघता? पाय माझा आहे.” तिने कागदावर सही केली. अठरा तारखेला जागा होते आहे, तोवर ही खाट राहील म्हणाल्या.

मी तो वॉर्ड बघून आले. स्वच्छ आहे. खिडक्या उंच आहेत, पडलेल्या माणसाला फक्त आभाळ दिसतं. कोणी कोणाला हाक मारत नव्हतं.

मला सांगायचं होतंस. मी तुझी बहीण आहे की सिस्टर, जिला कारणं द्यावी लागतात?

अठराच्या आत उत्तर येऊ दे. गोड लिहू नकोस. मी ते आईला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवणार आहे. या वेळी काही गाळणार नाही.

धाकटी


१४ फेब्रुवारी

आई,

धाकटी हे तुला वाचून दाखवणार आहे, म्हणून तुलाच लिहिते.

तुला कळलं ते बरोबर आहे. एक तारखेलाच पिल्लं तयार होती. डोकी भरली होती. गवंड्याकडे मी गेलेच नाही. जाळी फाटली होती हे खरं, पण ती मी काल अर्ध्या तासात शिवली. जन्मभर काजं करणाऱ्या बाईला जाळी शिवता येणार नाही, हे तुम्हा दोघींना पटलं कसं, याचंच मला नवल वाटतं. रविवारी दुपारी पिल्लं काढली ती पळतील हे माहीत असूनच काढली. पळाली की परत आणता येतील, आणि तसं लिहिता येईल, म्हणून.

तू गेलीस त्या रात्री मी नेहमीसारखी निजले आणि कारखान्याच्या भोंग्याने उठले. मधलं काही आठवत नव्हतं. मला वाटलं, मी आजारी पडले आहे. कपाळाला हात लावून बघितला. मग लक्षात आलं, मी झोपले होते.

सहा वर्षं झाली तुझे गुडघे गेले त्याला. तू रात्री हाक मारतेस, मी उठते. कधी तीनदा, कधी पाचदा. भांडं, पाणी, कूस, पांघरूण. त्याबद्दल माझी तक्रार नाही, हाक तू मजेने मारत नाहीस. पण पहाटे आडवी झाले की पुढची हाक कधी येईल म्हणून मी जागीच असते. हाक नाही आली तरी जागी असते. कारखान्यात कात्रीवर दोनदा डुलकी लागली. एकदा शर्टाबरोबर माझी बाहीच शिवली. सगळ्या हसल्या, मीही हसले. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण सांगून तू करणार काय होतीस?

मला तू नको आहेस असं नाही. तू आलीस की हे परत सुरू होईल, ते नको होतं. दोन्ही एकच झालं होतं, मला वेगळं करता येईना. मग पिल्लं होती. ती लहान आहेत असं लिहिलं की आणखी दहा रात्री मिळत होत्या. मी रात्री मागत होते आणि लिहीत होते थंडीबद्दल.

आता ऐक. पिल्लं काल हलवली.

कामावरून लवकर निघाले. साहेब म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “कोंबड्या.” त्यांना पुढे विचारावंसं वाटलं नाही. खुराड्याच्या चारी कोपऱ्यांना पुठ्ठे वाकवून लावले. उजेड उतरला तेव्हा ती नेहमीसारखी खाटेच्या दांडीवर चढून बसली. मी पोटाखाली हात घालून एकेक उचललं. पाय दांडीला घट्ट असतात, एकेक नखी सोडवावी लागते. सहा-सहा टोपलीत ठेवून वरून पंचा टाकला. सात फेऱ्या झाल्या, शेवटची दोनच. आत नेऊन परत दांडीवर ठेवली. काही बसली, काही खाली उतरून भिंतीशी जमली आणि एकावर एक चढायला लागली. मी आत वाकून ढीग मोडला. पुन्हा झाला, पुन्हा मोडला. चौथ्यांदा ती थकली की मी, ठाऊक नाही, पण ती जिथल्या तिथे बसली. खुराडं कंबरेएवढं आहे. पाठ अजून सरळ होत नाही.

सकाळी सगळी जिवंत होती. आज सुट्टी टाकली. भुसा काढला, जमीन तीनदा धुतली, चुना मारला. वास अजून आहे, पण चुन्याचा.

तेव्हा खोली तुझी आहे. पण धाकटे, आता तुझ्यासाठी. आईला आणायची असेल तर तू तुझी वरची खोली सोडून इथे यायचं. एक रात्र तुझी, एक माझी. तुझ्या रात्री मी दार लावून झोपेन आणि घराला आग लागल्याखेरीज उठणार नाही. हे तुला कबूल नसेल तर आईने मागच्या वॉर्डात जावं. मी दर रविवारी येईन. हे मी आईच्या कानावर पडेल हे माहीत असून लिहिते आहे. काल दिवसभर वाक्य बदलून बघितलं, ते बदलत नाही.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

दुपारी पत्र आलं. खाटेचा पडदा ओढून सगळं वाचलं. बाहीच्या तिथे मी थांबले, तेव्हा आई म्हणाली, “थांबू नकोस.” शेवटपर्यंत वाचलं. आईने अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, “ऐकलं म्हणावं.” एवढंच.

संध्याकाळी मी तिचे केस विंचरत होते. एकदम म्हणाली, “निम्म्या वेळेला मला काही नको असायचं.”

मी विचारलं, “मग हाक कशाला मारायचीस?”

“कोणी आहे का बघायला.”

“आणि ताई यायची.”

“यायची. मग काहीतरी सांगावं लागायचं. पाणी दे म्हणायचे. तहान नसताना किती पाणी प्यायले असेन मी. आणि मग भांडं.” ती थोडी हसली, मग म्हणाली, “सहा वर्षं तोंडात काय धरलं होतं तिने? बोलायला काय झालं होतं?” मी म्हटलं, “तूही बोलली नाहीस.” तर म्हणाली, “केस ओढू नकोस.”

ती दुखावली आहे ताई. ते लपवत नाही, आणि मीही तुला लपवत नाही. पिल्लांचं तिला एवढं लागलेलं नाही. मागचा वॉर्ड तू शेवटी लिहिलास, तो लागला आहे. पण अर्ध्या तासाने तिने विचारलं, “खाटेचं डोकं कुठल्या बाजूला केलं आहे तिने?” मला माहीत नव्हतं. म्हणाली, “खिडकीकडे कर म्हणावं.”

आता माझं. खोलीचं मी कबूल करते, पण आधी ऐक. आईचे गुडघे गेले त्याच वर्षी मी ती वरची खोली घेतली. मी सांगितलं होतं, पिल्लांना शांतता लागते, घरात वर्दळ असते, ब्रूडर वेगळ्या जागी हवा. तू म्हणालीस, “बरं.” पिल्लांना शांतता लागत नाही ताई. रस्त्याकडेला, गिरणीत, कुठेही वाढतात ती. आईच्या खोलीत तू पाहिलंसच. शांतता मला हवी होती. मी दोन गल्ल्या पलीकडे सहा वर्षं झोपले आणि सकाळी परसातली अंडी काढायला तुझ्या दारात यायचे, तेव्हा तुझ्याकडे नीट बघत नव्हते. पंच्याण्णव टक्के मला ठाऊक होतं. उरलेलं कळू नये म्हणून चहाला थांबत नव्हते.

तेव्हा मागच्या पत्रात तुला ‘मला सांगायचं होतंस’ असं लिहिलं, ते मागे घेते. तू तीन आठवडे पिल्लं पुढे केलीस. मी पहिल्यापासून तेच करत आले.

इथल्या पंचावन्न-साठ रात्रींत मला काय ते कळलं आहे. खुर्च्यांच्या फटीपेक्षा जमीन बरी. मी आईच्या खोलीत जमिनीवर झोपेन. पहिली रात्र माझी. दुसरीही माझी धर, तुझी पाठ सरळ होईपर्यंत.

उद्या सकाळी सिस्टरकडे जाऊन सहीचा कागद परत मागते. देतील की नाही कोण जाणे. झालं की याच पत्रात लिहून मग टाकते.

धाकटी


१८ फेब्रुवारी, सकाळ

कागद मिळाला. मोठ्या सिस्टरनी दुसरा भरायला घेतला आणि विचारलं, घरी बघायला कोण आहे. मी म्हटलं, दोघी. त्यांनी आकडा लिहिला आणि आईपुढे सहीला धरला. आईने तो वाचला, चष्मा मागून परत वाचला, आणि सही केली. उद्याच्या गाडीत झोपायची जागा नाही. बावीसला निघतो, तोवर ही खाट ठेवू म्हणाल्या.